घरच्या वजनकाट्याचे पैसे विम्याने द्यावेत का? मेडिकेअरचा नवा प्रस्ताव आणि आपण

गुलबक्षी | ५ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ७६) जूनमध्ये हार्ट फेल्युअरसाठी नऊ दिवस ॲडमिट केलं होतं. २० जूनला घरी सोडताना हॉस्पिटलने 'होम मॉनिटरिंग' घ्यायला सुचवलं. एक वजनकाटा, एक बीपीचं मशीन, एक बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तिन्ही एका डबीला जोडलेली आहेत. आगपेटीपेक्षा थोडी मोठी डबी आहे, टीव्हीखाली ठेवली आहे. आकडे तिच्यातून वायफायवरून हॉस्पिटलला जातात. तिथे एक सिस्टर ते बघतात आणि काही वावगं दिसलं की फोन करतात. महिन्याचे साडेतीन हजार रुपये.

आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ९० दिवस धरलेले आहेत. औषधं आणि रक्ताच्या तपासण्या मंजूर झाल्या, मॉनिटरिंगचं बिल तेवढं परत आलं. कारण लिहिलंय, 'उपकरणाचं भाडं देय नाही'.

माझी मावसबहीण अमेरिकेत एका दवाखान्यात काम करते. तिच्याकडून कळलं की तिकडे ६५ वर्षांवरच्या लोकांचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, अशा मॉनिटरिंगचे पैसे २०१९ पासून वेगळे देतो. आता जुलैत त्यांनी नियम बदलायचा प्रस्ताव मांडलाय. आजवर ३० दिवसांतले किमान १६ दिवस आकडे आले तरच मशीनचे पैसे मिळत. आता २ ते १५ दिवस आले तरी मिळावेत, असं त्यात आहे. १२ सप्टेंबरपर्यंत कुणालाही हरकती-सूचना पाठवता येतात.

माझे प्रश्न दोन. असं मॉनिटरिंग विम्यातून मंजूर करून घेतलेलं कुणी आहे का? आणि उद्या आपल्याकडे असा नियम करायचा झाला, तर पैसे नक्की कशाचे द्यावेत? मशीनचे, दिवसांचे, की फोन करणाऱ्या सिस्टरांचे?

कर्वेरोड | ५ ऑगस्ट, रात्री १०.१५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरापुरतं 'नाही' असंच आहे. आईच्या फुप्फुसाच्या आजारात घरी ऑक्सिजन लागायचा. विमा नियामकाने न देण्याच्या वस्तूंची यादीच करून ठेवली आहे, त्यात हॉस्पिटलबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर आहे, नेब्युलायझेशन किट आहे, वाफ घ्यायचं यंत्रही आहे. कंपनी पदरचे देते म्हणाली तर गोष्ट वेगळी. माणूस हॉस्पिटलच्या दाराबाहेर पडला की विम्याच्या लेखी तो बरा झालेला असतो.

वाचनखूण | ५ ऑगस्ट, रात्री १०.३२

वाचते आहे. सासूबाईंसाठी हाच विचार चाललाय.

हिशेबवही | ६ ऑगस्ट, पहाटे ३.५०

रात्रपाळीत आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. खराडीला अमेरिकन दवाखान्यांच्या बिलिंगचं काम करतो, अकरा वर्षं झाली. तिकडे बिलात प्रत्येक कामाला एक आकडी कोड असतो. मॉनिटरिंगचे कोड रोज हाताखालून जातात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

९९४५३ म्हणजे मशीन बसवून पेशंटला शिकवण्याचे पैसे. हे एकदाच. ९९४५४ म्हणजे मशीन आणि त्यातून आकडे येण्याचे. ३० दिवसांतून एकदा, आणि १६ दिवसांची अट आहे ती इथे. ९९४५७ म्हणजे महिन्यातल्या पहिल्या २० मिनिटांच्या देखभालीचे. यात पेशंटशी प्रत्यक्ष बोलणं झालंच पाहिजे, आकडे बघून मान डोलावली एवढ्याने चालत नाही. ९९४५८ पुढच्या प्रत्येक २० मिनिटांचे. आकडा मशीननेच पाठवायला हवा, पेशंटने वहीत लिहून कळवलेला धरत नाहीत.

कोविडच्या काळात कोविड असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या पेशंटसाठी १६ ऐवजी २ दिवस पुरत होते. ती सवलत ११ मे २०२३ ला तिकडच्या कोविडच्या आरोग्य-आणीबाणीसोबत संपली.

१६ ची अट आमच्या टेबलावर कशी दिसते ते सांगतो. महिन्याच्या पंचविशीला यादी निघते. कुणाचे १३ दिवस झालेत, कुणाचे १४. मग तिकडच्या नर्स फोन करतात, 'आजी, अजून दोन दिवस काट्यावर उभ्या राहा.' आजी ठणठणीत असतात. १४ चे १६ केल्याने त्यांच्या तब्येतीत काडीचा फरक पडत नाही, पण बिल निघतं. आणि ज्या आजोबांना पाचव्या दिवशीच धाप लागली, आकडा बघून नर्सने वेळीच बोलावून घेतलं आणि पुढचे दिवस ते हॉस्पिटलातच राहिले, त्यांचे १६ भरत नाहीत. म्हणजे काम फत्ते झालं तिथे मशीनचा पैसा शून्य. माझा या प्रस्तावाला पाठिंबा आहे तो त्या आजोबांमुळे.

साखरझोप | ६ ऑगस्ट, सकाळी ७.०५

पुण्यात १६ दिवसांची अट आणली तर चार गुरुवार आधीच वजा करा. लाईट नाही, वायफाय नाही, आकडा नाही. :)

मुठाकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ११.२०

गुलबक्षी, बाबांना बरं वाटू दे. पण मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका.

आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी साधी ओपीडी देत नाहीत. मधुमेहाच्या माणसाला महिन्याची औषधं, तपासणी, डॉक्टरची फी सगळं खिशातून भरावं लागतं. ते सोडून मशीनच्या भाड्यासाठी भांडायचं का? विमा कंपनी ते पैसे स्वतःच्या खिशातून देणार नाही, पुढच्या वर्षी सगळ्यांच्या हप्त्यात चढवणार. माझ्या आईवडिलांचा हप्ता मी भरतो, आणि नूतनीकरणाचा मेसेज आला की त्या महिन्याचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं.

दुसरं असं की २ दिवस आकडे आले तरी पैसे आणि ३० दिवस आले तरी तेवढेच, तर कोण कशाला ३० दिवस लक्ष ठेवील? डब्या वाटायच्या, दोन दिवस चालवायच्या, बिल लावायचं.

हिशेबवही | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

मुठाकाठ, दुसरा मुद्दा रास्त आहे. प्रस्तावात २ ते १५ दिवसांच्या नव्या कोडला आणि १६ दिवसांच्या जुन्या कोडला सारखाच भाव सुचवलाय, आणि तिथे मलाही खटकतं. मेडिकेअरचं म्हणणं असं की मशीन द्यायचं म्हटलं की खर्च होतोच, मग दोन दिवस वापरा की वीस.

गैरवापराची भीतीही खोटी नाही. तिकडच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल आहे. मेडिकेअरमध्ये ही सेवा घेणारे २०१९ मध्ये ५५ हजारांच्या घरात होते, २०२२ मध्ये ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास गेले. खर्च दीड कोटी डॉलरवरून तीस कोटींच्या वर. आणि यातल्या सुमारे ४३ टक्के लोकांना सेवेचे तिन्ही भाग मिळालेच नव्हते. कुणाला मशीन बसवून शिकवल्याची नोंद नाही, कुणाचे आकडे नाहीत, कुणाच्या बाबतीत ते बघून कुणी बोलल्याची नोंद नाही.

म्हणून गुलबक्षींच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. मशीनचा भाव कमी ठेवा, माणसाच्या वेळेचा चांगला ठेवा. या प्रस्तावात दुसरा बदल तोच आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आतापर्यंत २० मिनिटं भरली नाहीत तर नर्सच्या कामाला काहीच मिळायचं नाही. आता १० मिनिटांचाही कोड येतोय. नर्सने १२ मिनिटं बोलून गोळी चुकलेली शोधून काढली, तर त्या १२ मिनिटांना पहिल्यांदा किंमत आली.

पांढरा कोट | ७ ऑगस्ट, रात्री ११.१०

मी फिजिशियन आहे, बिबवेवाडीत दवाखाना आहे. मध्ये पडल्याबद्दल क्षमस्व, पण नुसत्या मशीनने काय होतं यावर चांगला पुरावा आहे, तो इथे यायला हवा.

अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या १६५३ पेशंटवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटने रोज फोन लावायचा, आणि पलीकडच्या ध्वनिमुद्रित प्रश्नांना बटणं दाबून वजन आणि लक्षणं सांगायची. सहा महिन्यांनी पाहिलं तर पुन्हा ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूत काहीही फरक नव्हता. १४ टक्के लोकांनी तो फोन एकदाही लावला नाही. जे लावत होते तेही गळत गेले.

मग २०१८ मध्ये जर्मनीतला अभ्यास आला, १५७१ पेशंट. मशीनं साधारण गुलबक्षींनी लिहिलीत तशीच, सोबत ईसीजीचं एक. पण पलीकडे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाचं केंद्र, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स हजर. आकडा बिघडला की माणूस फोन करतो, औषध बदलतो, पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरला कळवतो. तिथे वर्षाला शंभर पेशंटमागे मृत्यू ११.३ वरून ७.९ वर आले. जर्मनीने २०२० च्या डिसेंबरमध्ये ही सेवा सरकारी विम्यात घ्यायचं ठरवलं.

दोन्हीकडे आजार तोच होता. पलीकडे बसलेला माणूस वेगळा होता, आणि त्याच्या हातात औषध बदलायची मुभा होती.

आता माझं सांगतो. माझे साठ-सत्तर पेशंट बीपी आणि साखर व्हॉट्सॲपवर पाठवतात. सकाळी पावणेसहाला पहिला फोटो येतो, मशीनच्या काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आकडा १५८ की १८८ ते कळत नाही. मी उलट फोन करतो. याचे मी पैसे घेत नाही, मागायचे कसे तेच कळत नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार मला फी घेता येते, पावती द्यावी लागते, नोंद ठेवावी लागते. पण मी रविवारी एखादा फोटो उघडला नाही आणि त्या पेशंटला पक्षाघात झाला, तर? ही धास्ती रोज उशाशी असते. पैसे दिले तर जबाबदारीही लिहून देता येईल, वेळा ठरतील, सुट्टीत दुसरं कुणीतरी बघेल. मला नियम हवाय तो एवढ्यासाठी.

मुठाकाठ | ८ ऑगस्ट, सकाळी ८.३०

डॉक्टर, हे वाचून माझं मत थोडं हललं. हप्त्याची काळजी मात्र तशीच आहे.

दूरदेशी | ८ ऑगस्ट, दुपारी २.१५

न्यू जर्सीहून. मूळ सहकारनगरची. माझी आई ७९ वर्षांची, ग्रीन कार्डवर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मेडिकेअर विकत घेता आलं. बीपीचं मॉनिटरिंग दीड वर्ष चालू आहे.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. मेडिकेअर ८० टक्के देतं, उरलेले २० टक्के पेशंटचे. आईला दर महिन्याला छोटं बिल येतं, पूरक विमा नसेल तर ते खिशातून भरायचं. आईची एक मैत्रीण केवळ त्या बिलामुळे मशीन परत देऊन आली. रक्कम फार नव्हती. 'मुलाला दर महिन्याला कशाला भुर्दंड' हा तिचा हिशेब.

आणि फोनची गंमत. नर्स फोन करते तेव्हा आई इंग्रजीत 'फाइन, फाइन' म्हणते आणि ठेवते. मी फोन केला की अर्धा तास गुडघा, चक्कर, झोप, सगळं बाहेर येतं. दोन-तीनदा मीच दवाखान्याला कळवलंय. पुण्यात ही सेवा उभी राहिली तर पलीकडचा माणूस मराठी बोलणारा हवा, आणि म्हाताऱ्या माणसाला बोलतं करणारा हवा.

हिशेबवही | ८ ऑगस्ट, रात्री ८.००

दूरदेशी, 'फाइन, फाइन' ची मिनिटं आमच्याकडे चार भरतात. तुमच्या अर्ध्या तासाला मात्र कोडच नाही.

साखरझोप | ८ ऑगस्ट, रात्री ८.४०

आमचे आजोबा काट्यावर नातवाला उभं करायचे. सहा दिवस २२ किलो गेलं, सातव्या दिवशी हॉस्पिटलची गाडी दारात! आता आजोबा स्वतः उभे राहतात आणि नातू शेजारी उभं राहून आकडा मोठ्याने वाचतो. दोघांना आवडतं.

कर्वेरोड | ९ ऑगस्ट, सकाळी ९.१०

काट्यावरून आठवलं, काटा सतरंजीवर किंवा चटईवर ठेवू नका, आकडा चुकतो. फरशीवर, रोज त्याच जागी. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. आईने थंडीत स्वेटर आणि शाल घालून वजन केलं आणि दिवसभर आमच्या जिवाला घोर.

तळजाई | १० ऑगस्ट, दुपारी १२.००

माझे सासरे पानशेतच्या पलीकडे राहतात. घरात वायफाय नाही, मोबाईलला रेंज हवी तर अंगणाच्या कोपऱ्यात पेरूच्या झाडापाशी जावं लागतं. आमची आशाताई महिन्यातून दोनदा येते, बीपी बघते, वहीत लिहिते. ती वही डॉक्टरला दाखवली तर ते मॉनिटरिंग नाही का? मशीननेच पाठवायला हवं हा नियम इथे तसाच उचलला तर आमच्यासारखे सगळे बाहेर.

पांढरा कोट | १० ऑगस्ट, रात्री १०.२५

तळजाई, अगदी. वहीतला आकडा आणि आशाताईंची नजर यांवर मी डबीइतकाच विश्वास ठेवतो. पाय सुजलेत हे डबीला दिसत नाही, आशाताईंना दिसतं.

गुलबक्षी | ४ सप्टेंबर २०२५, रात्री १०.५०

बरेच दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही बाबांनाही वाचून दाखवले.

परवाची गोष्ट सांगते. आमच्याकडे गौरी असतात. १ तारखेला पूजन, घरात तीस माणसं. बाबांना मीठ कमी सांगितलंय, मी वरण वेगळं काढलं होतं. पण पंचामृत, लोणचं, पापड, अळूची पातळ भाजी, कोण काय वाढतंय यावर किती लक्ष ठेवणार? आदल्या दिवशीही पाहुण्यांबरोबर चिवडा झाला होता. ३० तारखेला वजन ६१.२ होतं. २ तारखेला सकाळी ६३.१. मी विसर्जनाच्या तयारीत, आकडा बघितलाच नाही.

साडेनऊला फोन आला. सिस्टरांनी आधी विचारलं, 'काका, रात्री उशा किती घेतल्या?' बाबा म्हणाले, 'तीन.' एरवी एक घेतात. हे मला माहीत नव्हतं! (अंगात पाणी साठलं की वजन वाढतं आणि आडवं पडल्यावर धाप लागते, म्हणून उशा वाढतात.) मग त्यांनी मला नडगीवर अंगठा दाबून बघायला सांगितलं. दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. दहा मिनिटांनी डॉक्टरांचा फोन, लघवीची गोळी तीन दिवस दुप्पट, प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सॲपवर. आज सकाळी ६१.६, आणि काल रात्री एकच उशी.

जूनमध्ये अशीच सुरुवात झाली होती. तेव्हा कुणी उशा विचारल्या नव्हत्या, आणि पुढे नऊ दिवस हॉस्पिटल झालं. त्या नऊ दिवसांचं बिल विमा कंपनीने विनातक्रार भरलं.

वाचनखूण | ४ सप्टेंबर, रात्री ११.१५

अंगावर काटा आला. बाबांना नमस्कार सांगा. उशांचा प्रश्न लिहून फ्रिजवर लावलाय.

मुठाकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी ७.४५

शेवटचं वाक्य वाचून माझा हप्त्याचा मुद्दा मागे घेतो. नऊ दिवसांच्या बिलात किती वर्षांचं मॉनिटरिंग बसलं असतं, तो हिशेब कंपनीनेच करायला हवा.

हिशेबवही | ५ सप्टेंबर, दुपारी ३.३०

गुलबक्षी, एक करा. हॉस्पिटलकडून बिल फोडून मागा. 'मॉनिटरिंग पॅकेज ३५००' असं एका ओळीत लिहिलं की कंपनी ते उपकरणाचं भाडं म्हणून फेटाळते. त्याऐवजी उपकरण वेगळं, डॉक्टरचा फोनवरचा सल्ला तारीख-वेळेसह वेगळा, सोबत प्रिस्क्रिप्शन. जून २०२० मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलंय की पॉलिसीत डॉक्टरचा सल्ला देय असेल तर टेलिमेडिसिनचा सल्लाही धरायचा. २ सप्टेंबर तुमच्या ९० दिवसांत येतं.

कर्वेरोड | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ५.००

आणि तरी नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. पॉलिसीत जे नाही ते लोकपालही देऊ शकत नाहीत, म्हणून हिशेबवहींनी सांगितलेली फोड महत्त्वाची.

हिशेबवही | १२ नोव्हेंबर २०२५, पहाटे ४.१०

धागा वर काढतोय. ३१ ऑक्टोबरला मेडिकेअरचा अंतिम नियम आला. १ जानेवारी २०२६ पासून लागू. २ ते १५ दिवसांचा कोड ९९४४५, पहिल्या १० मिनिटांचा ९९४७०. २ ते १५ दिवसांचा आणि १६ दिवसांपासून पुढचा, दोन्हींचा भाव सारखाच ठेवलाय, मात्र ३० दिवसांत दोन्हींपैकी एकच लावता येईल. दहा मिनिटांचा भाव वीस मिनिटांच्या साधारण निम्मा. पंचविशीची यादी आता आमच्याकडे बंद होईल अशी आशा आहे.

गुलबक्षी, तुमच्या क्लेमचं काय झालं?

गुलबक्षी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.२०

सांगायचं राहूनच गेलं. हॉस्पिटलच्या बिलिंग खिडकीवर तीन चकरा झाल्या. 'आमच्या सिस्टीममध्ये तशी ओळच नाही' म्हणत होते. शेवटी डॉक्टरांनीच लेटरहेडवर आपल्या फोन-सल्ल्यांच्या तारखा, वेळा आणि फी लिहून दिली. कंपनीने ते १,२०० रुपये मंजूर केले. डबीचं भाडं नाही दिलं. आणि सिस्टरांच्या फोनसाठी तर बिलात जागाच नाही. गौरी विसर्जनाच्या दिवशी सगळ्यात आधी फोन त्यांनी केला होता.

नूतनीकरण जानेवारीत आहे. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, त्यातून जे वाचेल ते मॉनिटरिंगला वापरायचं ठरवलंय. कंपनीला पत्रही लिहितेय. त्यात मशीनचं भाडं मागणार नाही, नर्सच्या फोनची मिनिटं डिस्चार्जनंतरच्या खर्चात धरा, एवढंच मागणार आहे. हिशेबवही आणि डॉक्टर, मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवला तर बघाल का?

पांढरा कोट | १२ नोव्हेंबर, रात्री ११.४०

जरूर पाठवा. २ सप्टेंबरचं सगळं त्यात घाला, वजनाचे तिन्ही आकडे आणि उशांसकट.

तळजाई | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

एक ओळ आशाताईंच्या वहीसाठीही लिहाल का? सही मी पण करते.

गुलबक्षी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

लिहिली. आजचं वजन ६१.३.